पोटाचा घेर : ताटातून किती, व्यायामातून किती?

सुटलेले पोट ही एकेकाळी खात्यापित्या घराची खूण मानली जाई. आज वैद्यकशास्त्र त्याच पोटाकडे मधुमेह आणि हृदयविकार यांची पूर्वसूचना म्हणून पाहते, आणि गोमंतकीयांना हा विषय इतरांहून अधिक जवळचा आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या ‘इंडियाब’ या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये ‘लॅन्सेट’ समूहाच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. मधुमेहाच्या प्रमाणात गोवा त्यात देशात पहिला होता : प्रौढांमध्ये २६.४ टक्के. देशाची सरासरी ११.४ टक्के. त्याच पाहणीनुसार देशातील २८.६ टक्के प्रौढ वजनाच्या निकषावर लठ्ठ ठरले; पोटाच्या घेराच्या निकषावर मात्र हे प्रमाण ३९.५ टक्के भरले. वजनकाट्याने निर्दोष ठरवलेली कितीतरी माणसे मोजपट्टीपुढे सापडतात, ती अशी.

आत साठणारी चरबी

पोटाची चरबी दोन ठिकाणी असते. एक त्वचेखाली, जी चिमटीत धरता येते. दुसरी पोटाच्या पोकळीत, यकृत आणि आतडी यांच्याभोवती. ती चिमटीत येत नाही, पण पोट टणक आणि पुढे आलेले दिसते. धोका अधिक असतो तो या दुसऱ्या चरबीचा. तिच्यातून सुटणारी मेदाम्ले मोठ्या प्रमाणात थेट यकृताकडे जातात, यकृतात चरबी साठू लागते आणि इन्सुलिनचा प्रभाव ओसरतो. मांड्या व नितंबांवरील चरबीपेक्षा कमरेवरची चरबी मधुमेहाशी अधिक निगडित आहे, हे निरीक्षण फ्रान्समधील मार्सेय येथील डॉ. जाँ वाग यांनी १९४७ मध्येच नोंदवले होते.

भारतीयांच्या बाबतीत या गोष्टीला आणखी एक पदर आहे, आणि तो उलगडण्यात पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचा वाटा मोठा आहे. २००४ मध्ये त्यांनी आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन यांनी ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच छायाचित्रे शेजारीशेजारी छापली. दोघांचा बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या प्रमाणातील वजनाचा निर्देशांक, अगदी एकच होता : २२.३. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांच्यात ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के. बारीक दिसणाऱ्या भारतीय देहात स्नायू कमी आणि चरबी जास्त असू शकते, हे एका पानात इतक्या स्वच्छपणे क्वचितच कोणी मांडले असेल. हातपाय काडीसारखे आणि मध्ये गोल पोट, ही आपल्याकडची ओळखीची आकृती याच प्रकारातली.

म्हणून मोजायचे ते आधी पोट. सर्वांत खालची बरगडी आणि कमरेच्या हाडाचा वरचा काठ यांच्या मधोमध मोजपट्टी आडवी धरावी, श्वास सहज सोडावा आणि आकडा वाचावा. पोट आत ओढून घेतलेल्या मापाने फसवणूक होते ती स्वतःचीच. पॅन्टचा आकारही कामाचा नाही, कारण पोट वाढले की पॅन्ट त्याच्या खाली सरकते आणि कमरेचा नंबर वर्षानुवर्षे तोच राहतो. भारतीय पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर ही धोक्याची रेषा धरली जाते. त्याहून सोपा नियम म्हणजे घेर उंचीच्या निम्म्याहून कमी असावा. १६८ सेंटिमीटर उंचीच्या माणसाचा घेर ८४च्या आत. माप महिन्यातून एकदा, सकाळी, न्याहारीपूर्वी घ्यावे. रोज मोजून हाती निराशेशिवाय काही लागत नाही.

पोटाचे व्यायाम आणि पोटाची चरबी

पोट कमी करायचे म्हटल्यावर बहुतेक जण पाठीवर झोपून उठाबशांसारखे सिट-अप्स काढू लागतात. ज्या भागाला ताण पडतो, त्याच भागाची चरबी वितळते, हा त्यामागचा समज. तो तपासून पाहिला गेला आहे. २०११ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात व्यायामाची सवय नसलेल्या २४ जणांपैकी एका गटाने सहा आठवडे, आठवड्यातून पाच दिवस, पोटाचे सात व्यायाम केले. त्यांच्या पोटाच्या स्नायूंची दमदारी वाढली. पोटावरची चरबी, वजन आणि घेर यांत दुसऱ्या गटाच्या तुलनेत फरक पडला नाही. त्याच्या कितीतरी आधी, १९७१ मध्ये, टेनिसपटूंच्या दोन्ही दंडांची तुलना झाली होती. वर्षानुवर्षे रॅकेट धरणारा हात स्नायूंनी भरदार होता, परंतु त्वचेखालील चरबीचा थर दोन्ही हातांत सारखाच निघाला.

कारण सरळ आहे. स्नायूला इंधन लागते तेव्हा ते शेजारच्या चरबीतून झिरपून येत नाही, रक्तातून येते. आणि रक्तात ते सर्व शरीरातील साठ्यांतून उतरते. कोठला साठा आधी रिकामा व्हावा, हे आनुवंशिकता, वय आणि संप्रेरके ठरवतात. रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांची चरबी मांड्यांकडून पोटाकडे वळते, तेही संप्रेरकांमुळेच. शंभर सिट-अप्समध्ये जेमतेम तीस-पस्तीस कॅलरी खर्च होतात, म्हणजे दोन छोट्या मारी बिस्किटांपुरता हिशेब मिटतो.

घाम आणणारे पट्टे, पोटाला गुंडाळायचे प्लॅस्टिक, मसाज करणारी यंत्रे यांच्याबद्दल फार लिहिण्याचे कारण नाही. त्यांनी पाणी जाते आणि दोन पेले पाण्याने परत येते. चरबी शरीराबाहेर पडते ती मुख्यतः श्वासावाटे : ऑस्ट्रेलियातील दोन संशोधकांनी २०१४ मध्ये केलेल्या गणितानुसार दहा किलो चरबी पूर्ण जळाली, तर ८.४ किलो कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने आणि १.६ किलो पाण्याच्या रूपाने निघून जाते. लिंबू-मधाच्या कोमट पाण्याने चरबी ‘विरघळते’ ही समजूतही या गणितात कोठे बसत नाही. उलट चमचाभर मधाच्या वीसेक कॅलरी तेवढ्या जमा होतात.

दिलासा असा, की पोटाच्या पोकळीतील चरबी व्यायाम आणि आहाराच्या बदलाला लवकर प्रतिसाद देते. वजन पाच ते सात टक्क्यांनी घटले, तरी तिच्यात लक्षणीय घट होते. नियमित व्यायामाने तर वजन फारसे न हलताही ती कमी होऊ शकते. चेन्नईत मधुमेहाच्या उंबरठ्यावरील ५३१ जणांवर झालेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आहार-व्यायामाच्या बदलाने मधुमेह होण्याची शक्यता २८.५ टक्क्यांनी घटली. त्या गटाचे वजन मात्र जवळपास होते तेथेच राहिले होते.

ताटातला हिशेब

पोटाचा घेर कमी होण्याचा मोठा वाटा स्वयंपाकघरातच ठरतो. सत्तर किलो वजनाचा माणूस पाऊण तास बऱ्यापैकी वेगाने चालला, तर सुमारे १८० कॅलरी खर्च होतात. तेवढ्या कॅलरी ताटातून कमी करणे कितीतरी सोपे, आणि परत मिळवणे त्याहून सोपे.

गोव्याचे रोजचे जेवण मुळात वाईट नाही. शीत, हुमण, एखादी भाजी आणि सोलकढी, यात उणे काढावे असे थोडेच आहे. बिघडते ते प्रमाण. दीडशे ग्रॅम तांदळाचा भात म्हणजे सव्वापाचशे कॅलरी. ताटात भाताचा डोंगर, त्यावर कढी आणि कडेला मासळीचा एक तुकडा, अशी मांडणी दोन्ही वेळा झाली, की निम्म्याहून अधिक ऊर्जा तांदळातूनच येते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आहार मार्गदर्शिकेत दोन हजार कॅलरींच्या ताटासाठी दिवसभरात धान्ये २५० ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, कडधान्ये-डाळी ८५ ग्रॅम आणि फळे १०० ग्रॅम असे प्रमाण सुचवले आहे. आपल्या घरात भाजी चारशे ग्रॅम होते का, हे एकदा तराजूवर पाहण्यासारखे आहे. बहुतेक ठिकाणी ती लोणच्याची मोठी बहीण असते.

भात सोडण्याची गरज नाही, आणि गोव्यात तो सल्ला टिकणारही नाही. एकतृतीयांश भात कमी करून ती जागा भाजीने आणि प्रथिनांनी भरावी. उकडा तांदूळ पॉलिश केलेल्या सुरय तांदळापेक्षा पचायला थोडा संथ, म्हणून निवड असेल तेव्हा उकडा घ्यावा. तांबडी भाजी, भेंडी, वाल, दुधी, मुळ्याचा पाला यांपैकी काहीही चालेल. खोबरे वरून पसरण्यापुरते असावे. शंभर ग्रॅम बांगड्यात एकोणीस-वीस ग्रॅम प्रथिने असतात, तारल्यांतही जवळपास तेवढीच, आणि ही मासळी विसवणापेक्षा स्वस्त मिळते. प्रथिनांनी पोट भरल्याची जाणीव टिकते आणि वजन उतरताना स्नायू झिजत नाहीत. मासळी रव्यात घोळून भरपूर तेलात तळली, की हा फायदा तेलात बुडतो. हुमणातली, पानात भाजलेली किंवा तव्यावर चमचाभर तेलात परतलेली मासळी बरी.

शाकाहारी घरांत आणि श्रावणात हीच जागा मूग, कुळीथ, मसूर, अळसांदे यांनी घ्यायला हवी. अळसांद्याचे टोणक हा त्या दृष्टीने उत्तम पदार्थ आहे, फक्त ते पावांच्या चळतीबरोबर न खाता वाटीभर टोणक आणि एक पोई असे खावे. पोईतही भेद आहे. कोंड्यासकट गव्हाच्या पिठाची पोई आणि वरून कोंडा भुरभुरलेली मैद्याची पोई दिसायला सारखीच. तोडल्यावर आतला रंग पाहिला, की फरक कळतो.

नारळाविषयी गोव्यात बोलणे जरा नाजूक असते. तो विष नाही, औषधही नाही. मध्यम नारळाच्या अर्ध्या भागात सुमारे सातशे कॅलरी असतात. चौघांच्या हुमणात अर्धा नारळ गेला, तर माणशी पावणेदोनशे. हे परवडते, मात्र त्याच जेवणात खोबऱ्याची भाजी, तळलेली मासळी आणि रात्री पुन्हा तेच असले तर परवडत नाही. तेलाचा हिशेब महिन्यावर ठेवणे सोयीचे. मार्गदर्शिकेतील प्रमाणाप्रमाणे माणशी दिवसाला सुमारे २७ ग्रॅम तेल धरले, तर चार प्रौढांच्या घराला महिन्याला साडेतीन लिटर पुरायला हवे. किराण्याच्या यादीत पाच-सहा लिटर लिहिले जात असेल, तर पोटाचे उत्तर त्या यादीतच आहे.

उरते ती दोन जेवणांमधली भर. सकाळी पातळभाजी-पाव आणि मिरचीभजी, दुपारी चहाबरोबर बिस्किटे, संध्याकाळी गाड्यावरचे रस-ऑम्लेट. दिवसाला चार चहा आणि प्रत्येकात दोन चमचे साखर म्हणजे चाळीस ग्रॅम. पोषण संस्थेची मर्यादा पंचवीस ग्रॅमची. साखर एका दिवसात बंद करणारे आठवड्यात परत सुरू करतात. दर पंधरवड्याला अर्धा चमचा कमी करणारे टिकतात.

मद्याचा उल्लेख टाळून गोव्यातील पोटाविषयी लिहिणे अपुरे ठरेल. एक ग्रॅम अल्कोहोलमध्ये सात कॅलरी असतात, चरबीच्या नऊच्या खालोखाल. व्हिस्की असो वा काजूची फेणी, साठ मिलिलिटरच्या पेगमध्ये सुमारे १४० कॅलरी. त्यात गोड सोडा मिसळला, की त्या आणखी वाढतात. शरीर अल्कोहोल आधी जाळते आणि तोवर चरबी जाळण्याचे काम मागे पडते. सोबतचे तळलेले चकणे आणि उशिराचे जेवण वेगळे. आठवड्यातून पाच संध्याकाळी दोन पेग घेणारा माणूस त्यातूनच चौदाशे कॅलरी घेतो, आणि पोट मात्र भाताने वाढले असे सांगतो.

ठरावीक तासांतच जेवण्याच्या उपवासपद्धतीची सध्या बरीच चर्चा आहे. चीनमधील ग्वांगझू येथे १३९ लठ्ठ व्यक्तींवर वर्षभर चाललेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दोन्ही गटांनी कॅलरी सारख्याच कमी केल्या. एका गटाला खाण्याच्या वेळेचेही बंधन होते. वजन आणि कमरेचा घेर यांत दोन्ही गटांमध्ये ठळक फरक आढळला नाही. ज्याला वेळेच्या बंधनाने कमी खाणे सोपे जाते त्याने ते जरूर पाळावे. सुटण्याच्या वेळी दुप्पट खाणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये.

चालणे आणि ताकद

जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाच्या हालचालीची, शिवाय निदान दोन दिवस स्नायूंना ताकद देणाऱ्या व्यायामाची आहे. मध्यम श्रम म्हणजे बोलता येते, पण गाता येत नाही, असा वेग. मिरामारच्या किनाऱ्यावर रमतगमत गप्पा मारीत केलेली फेरी मनाला चांगली, पोटाला पुरेशी नाही. चढ हा गोव्याला मिळालेला फुकटचा व्यायाम आहे. पणजीत आल्तिनोचा रस्ता दहा मिनिटे चढणे हे सपाटीवरील अर्ध्या तासाच्या रेंगाळण्यापेक्षा सरस. जून ते सप्टेंबर पावसात चालणे सुटते आणि दिवाळीपर्यंत पुन्हा सुरू होत नाही, हा अनुभव अनेक घरांतला. त्या चार महिन्यांसाठी जिना, घरातल्या घरात बैठका किंवा सूर्यनमस्कार असा पर्याय आधीच ठरवून ठेवावा.

ताकदीच्या व्यायामाकडे चाळिशीनंतर दुर्लक्ष होते, आणि नेमके तेव्हाच स्नायू घटू लागतात. बैठका, भिंतीवर किंवा जमिनीवर जोर, पाण्याच्या बाटल्या किंवा डंबेल उचलणे, एवढे घरी होऊ शकते. सूर्यनमस्कारांचा आधुनिक प्रसार ज्यांनी केला त्यांत औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी अग्रभागी होते; त्यातील जमिनीलगतच्या स्थितींत दंड, छाती आणि पोट यांना एकदम काम पडते. ज्यांची पाठ दुखते, त्यांनी मात्र बिछान्यातून उठल्याउठल्या वाकण्याचे व्यायाम करू नयेत. रात्रभरात मणक्यांमधील चकत्या पाणी शोषून फुगलेल्या असतात. तासभर वावरल्यावर त्यांच्यावरचा ताण कमी होतो.

कोअर : मध्यांगाचा आधार

मग पोटाचे व्यायाम करायचेच नाहीत काय? अवश्य करावेत, पण चरबीसाठी नव्हे, आधारासाठी. व्यायामशाळेत ‘कोअर’ हा शब्द पोटावरच्या चौकटींपुरता वापरला जातो. प्रत्यक्षात तो एका पिंपासारख्या कप्प्याला लागू पडतो : समोर व बाजूंना पोटाच्या स्नायूंचे थर, मागे मणक्यांलगतचे स्नायू, वर श्वासपटल आणि तळाशी ओटीपोटाला तोलून धरणारे स्नायू. ऑस्ट्रेलियात १९९०च्या दशकात झालेल्या प्रयोगांत असे दिसले, की हात उचलण्यापूर्वीच पोटाचा सर्वांत आतला आडवा स्नायू आवळला जातो, जणू इमारत हलण्याआधी पाया सावध होतो. जुनाट कंबरदुखी असणाऱ्यांत ही पूर्वतयारी उशिरा होते. या स्नायूंचे मूळ काम कंबर वाकवण्यापेक्षा ती स्थिर ठेवण्याचे, म्हणून त्यांचा व्यायामही तसाच असावा.

कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठाचे कण्याचे अभ्यासक स्टुअर्ट मॅकगिल यांनी यासाठी तीन व्यायाम सुचवले, आणि ते जगभर रुळले. पहिल्यात पाठीवर झोपून एक गुडघा दुमडावा, दोन्ही तळवे कमरेच्या खोलगट भागाखाली ठेवावेत आणि डोके व खांदे जमिनीपासून थोडेसेच उचलावेत. कंबर हलू देऊ नये. दुसऱ्यात कुशीवर, कोपर आणि गुडघ्यांच्या आधाराने, कंबर वर उचलून शरीर सरळ रेषेत धरावे. सवय झाल्यावर गुडघ्यांऐवजी पावलांवर. तिसऱ्यात हात-गुडघ्यांवर ओणवे होऊन उजवा हात आणि डावा पाय सरळ लांबवावा, नंतर उलट. पाठीवर पाण्याचा पेला ठेवला आहे अशी कल्पना करून तो सांडू देऊ नये. प्रत्येक स्थिती आठ-दहा सेकंद, श्वास न कोंडता. आधी सहा वेळा, मग चार, मग दोन, असा उतरता क्रम. सारे मिळून पंधरा मिनिटांत होते. प्लँक करायचा असल्यास तोही दहा-दहा सेकंदांच्या तुकड्यांत केलेला बरा. पाच मिनिटे थरथरत धरलेल्या प्लँकमध्ये कंबर खाली झुकते आणि भार मणक्यांवर येतो.

एक व्यायाम बाजाराच्या वाटेवर होतो. जड पिशवी एकाच हातात धरून, खांदे समान पातळीत आणि पाठ ताठ ठेवून चालले, की दुसऱ्या बाजूचे तिरके स्नायू शरीराला कलू न देण्यासाठी राबतात. शंभर पावलांनंतर हात बदलावा. म्हापशाच्या बाजारातून मासळी आणि नारळ घेऊन येणाऱ्यांना याचे वेगळे प्रशिक्षण नको.

सहा ते आठ आठवड्यांत कंबर भक्कम वाटू लागते, उभे राहण्याची ढब सुधारते आणि पोट किंचित आत दिसते. आतल्या स्नायूंचा आकार डोळ्यांना दिसायला वरचा थर उतरावा लागतो, आणि त्याचा मार्ग पुन्हा ताटाकडेच जातो. आठवड्याला अर्धा किलो हा वजन उतरण्याचा चांगला वेग. त्याहून झपाट्याने उतरणाऱ्या वजनात स्नायूंचाही वाटा जातो.

झोपेचा संबंध अनेकांना दूरचा वाटेल. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये १२ निरोगी, लठ्ठ नसलेल्या व्यक्तींना दोन आठवडे रात्री चारच तास झोपू दिले. ते दिवसाला सुमारे तीनशे कॅलरी अधिक खाऊ लागले आणि पोटाच्या पोकळीतील चरबी ११ टक्क्यांनी वाढली. वजन मात्र फारसे वाढले नव्हते.

कोणी जपून करावे

बाळंतपणानंतर पोटाचे उभे स्नायू मधल्या रेषेत एकमेकांपासून दूर गेलेले असतात. घरोघरी पोटाला बांधला जाणारा पट्टा आधार देतो, चरबी उतरवत नाही. उठताना मधोमध उंचवटा दिसत असेल, तर सिट-अप्स टाळून फिजिओथेरपिस्टकडून श्वासाचे आणि ओटीपोटाचे व्यायाम शिकून घ्यावेत. हर्निया असणाऱ्यांनी शल्यचिकित्सकाला विचारल्याशिवाय जड वजन उचलू नये. रक्तदाब असणाऱ्यांनी जोर लावताना श्वास कोंडू नये. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी भात एकाएकी कमी केला आणि चालणे वाढवले, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली येऊ शकते. औषधाची मात्रा आधी डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी. आणि पोट काही आठवड्यांतच झपाट्याने वाढत असेल, त्याच वेळी हातपाय बारीक होत असतील, पावलांवर सूज किंवा डोळ्यांत पिवळेपणा असेल, तर ते पाणी साचल्याचे लक्षण असू शकते. अशा पोटाला आहार किंवा व्यायाम लावण्याआधी त्याच आठवड्यात तपासणी करून घ्यावी.